बोट एक, पाठवण तीन

मराठीचा प्राध्यापक आणि संगणक यांचे नाते साधारणपणे चुलत सासू-सुनेसारखे असते. सणासुदीला जाणे-येणे असते, तोंडदेखले हसणेही असते. पण एकमेकींच्या स्वयंपाकघरात कुणी डोकावत नाही. माझेही असेच चालले होते. गुणपत्रिका भरायला आणि शब्दकोश पाहायला मी संगणकाच्या ओसरीपर्यंत जात असे. तेव्हा दिवाळी अंकात व्याकरण किंवा संतवाङ्मय सोडून मी कन्सोल नावाच्या वस्तूविषयी लिहावे, याचे माझ्या वर्गातल्या मुलांनाही हसू येईल. पण गेल्या दिवाळीत आमच्या चाळीत जे घडले त्यात एका बाईच्या इतक्या वर्षांच्या नावाचा प्रश्न होता, आणि तो सुटला तो या कन्सोलवरच्या एका मोजणीने. म्हणून हा खटाटोप.

आमची चाळ लालबागेत, भारतमाता थिएटरपासून हाकेच्या अंतरावर. एके काळी आमच्या गच्चीवरून पोरे गिरण्यांची धुराडी मोजत. आता मोजायचेच तर टॉवरांचे मजले मोजावे लागतात आणि मान दुखते. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत आमच्या मावशी राहतात. माझ्या त्या कुणी सख्ख्या नव्हेत, साऱ्या चाळीच्याच मावशी. त्यांचे यजमान गिरणीत त्रासनखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. यजमान पुन्हा खात्यात गेले नाहीत. मावशींनी आधी गावाकडच्या चार पोरांची खानावळ घातली, मग दिवाळीचा फराळ करू लागल्या. शेजारी अख्खी चिवडा गल्ली असताना लालबागेत चिवडा विकून दाखवणे हे काही सोपे काम नव्हे. मावशींनी ते केले, आणि केवळ जिभेच्या जोरावर. म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिभेच्या. त्यांची स्वतःची जीभ हा निराळा विषय आहे.

दोन वर्षांपूर्वी मावशींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. जिने उतरून ऑर्डरी घेणे बंद झाले. तेव्हा मीच पुढे होऊन म्हणालो, "मावशी, माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो तुम्हाला इंटरनेटवर एक पान करून देईल." हे वाक्य माझ्या तोंडून का निघाले, याचा पुढे मला पुष्कळ विचार करावा लागला.

भाच्याने पान केले, आणि दिसायला चांगले केले. वर जिन्नसांची यादी: चकली, चिवडा, शेव, करंज्या, अनारसे. चकली पहिली, ती आधीच निवडलेली. जिन्नस बदलला की खालचे दर बदलत. मग वजन, नाव, पत्ता, फोन, आणि शेवटी 'ऑर्डर द्या' असे केशरी बटण. रोज रात्री मावशींच्या मोबाइलवर बेरीज येई: चिवडा इतके किलो, करंज्या इतके किलो. मावशी त्याप्रमाणे सामान भरत. कुणी किती मागवले याची नावानिशी यादी मात्र पोचवायच्या दिवशीच निघे.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ती यादी निघाली. एकतीस ऑर्डरी होत्या. मावशींचा नातू पिशव्या घेऊन दादरला गेला आणि तासाभरात रडवेला होऊन परत आला. एका बाईंनी त्याला दारातच झापले होते. "एक किलो करंज्या सांगितल्या तर तीन किलो गळ्यात मारता? आजीला सांग, असा धंदा करू नका." पुढच्या दोन घरीही तोच प्रकार. संध्याकाळपर्यंत मी आणि भाच्याने फोन करकरून साऱ्यांना विचारले, तेव्हा कळले की गिऱ्हाइके एकोणीसच आहेत. दहाजणांची ऑर्डर एकेकदा आलेली, सहाजणांची दोनदा, आणि तिघांची तीनदा. हिशेब बरोबर एकतीस! बारा ऑर्डरींचा माल तयार होऊन मावशींच्या खोलीत रचून ठेवलेला. त्यात करंज्या अशा, की चार दिवसांत खवट व्हायला बसलेल्या.

पैशांचे मावशींना दुःख नव्हते असे म्हणणार नाही. गॅस, तूप, खोबरे यांचे भाव कुणाला ठाऊक नाहीत? पण त्या एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होत्या: "इतक्या वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं, मास्तर." मास्तर म्हणजे मी. हे वाक्य ऐकताना मी जमिनीकडे पाहत होतो.

भाच्याची भूमिका ठाम होती. "मामा, माझ्या पानात चूक नाही. मी दहा वेळा तपासलंय. लोक घाईत दोनदा-तीनदा बटण दाबतात. नेट हळू असलं की दाबतच राहतात." यात तथ्य नव्हते असे नाही. लिफ्टचे बटण पाच वेळा दाबणारा मनुष्य आपण सर्वांनी पाहिला आहे. तो बहुधा आपल्याच आरशात राहतो. पण गिऱ्हाइके शपथेवर सांगत होती की आम्ही एकदाच दाबले. आता एकीकडे नऊ माणसांची शपथ आणि दुसरीकडे माझ्या बहिणीचा मुलगा. मी प्राध्यापक असल्यामुळे दोन्ही बाजू ऐकून गप्प बसलो.

आणि त्या गप्प बसण्यात मला वडिलांची काच आठवली.

माझे वडील साचेवाले. साचा म्हणजे माग, हे गिरणगावाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की कापडात एक आडवा धागा पडतो. साच्याला एक छोटे मीटर जोडलेले असे आणि ते हे आडवे धागे मोजत असे. पाळी संपली की त्यावरचा आकडा लिहून घ्यायचा, त्यावर मजुरी. सूतखात्यातही असेच. तिथे हँकवर मोजणी चाले. एक हँक म्हणजे ८४० वार सूत, आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरी, चाळीस नंबरी हे शब्द लालबागच्या पोरांना पाढ्यांआधी येत. या नंबरालाच खात्यात काउंट म्हणत. तेव्हा भाच्याच्या तोंडी काउंट हा शब्द आला तेव्हा तो मला परका वाटला नाही. जुन्या ओळखीचा माणूस नव्या कोटात भेटावा तसे झाले.

तर वडिलांच्या साच्यावरचे मीटर एकदा कमी आकडा दाखवू लागले. पगार कमी आला. खात्यात विचारले तर उत्तर मिळाले, "साचा बंद ठेवून तंबाखू खायला गेला असशील." वडील भांडले नाहीत. त्यांच्याकडे इंचभर चौकोनी तोंडाची एक पितळी काच होती. ती कापडावर ठेवून सुईच्या टोकाने धागे मोजायचे. कापड साठाचे होते, म्हणजे इंचात साठ आडवे धागे. वाराचे इंच छत्तीस. म्हणजे वाराला २,१६० धागे. त्या पाळीत कापड उतरले तीस वार. तीस वारांत धागे हवेत ६४,८००. मीटर दाखवत होते त्याहून साडेसहा हजारांनी कमी. थोडेफार इकडेतिकडे धरले तरी साडेसहा हजार धागे तंबाखूबरोबर खाल्ले जात नाहीत! कापड तर समोर होते. फिटरने मीटर उघडले तेव्हा आतला दांडा मधूनमधून निसटत असल्याचे आढळले. मीटर दुरुस्त झाले. मागच्या पगाराचे पैसे मात्र आले नाहीत. ही गोष्ट वडील दर दिवाळीला सांगत. ते म्हणत, "एका आकड्यावर भांडू नये. दोन ठिकाणी मोजावं, मग तोंड उघडावं."

मी भाच्याला म्हणालो, "तुझ्या पानात दोन ठिकाणी मोजता येईल का? बोट किती वेळा पडलं ते एका जागी, आणि ऑर्डर किती वेळा गेली ते दुसऱ्या जागी?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की घरातल्या पाटा-वरवंट्याने अचानक बोलायला सुरुवात केली आहे. मग म्हणाला, "येईल की. कन्सोल डॉट काउंट."

वाचकहो, ब्राउझरमध्ये कोणतेही पान उघडून संगणकाची एफ-बारा ही कळ दाबलीत, तर बहुतेक यंत्रांवर बाजूला एक खण उघडतो. त्यात कन्सोल नावाची जागा असते. दर्शनी पान म्हणजे दिवाणखाना धरला तर हे मोरीपाशी टांगलेले दूधवाल्याचे कार्ड. पाहुण्यांनी पाहावे म्हणून ते नसते. घरच्यांच्या हिशेबासाठी असते. पानामागची आज्ञावली जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली असते. ही भाषा १९९५ मध्ये ब्रेंडन आइक या गृहस्थांनी दहा दिवसांत उभी केली असे सांगतात, आणि तिच्यावर राग काढायचा असला की संगणकवाले त्या दहा दिवसांची आठवण काढतात. आज्ञावलीत हव्या त्या ठिकाणी कन्सोल डॉट काउंट एवढी ओळ घालायची आणि कंसात एक नाव द्यायचे. त्या ओळीवरून संगणक जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा कन्सोलवर ते नाव आणि पुढचा आकडा उमटतो. बाकी काही होत नाही. देवळाच्या दाराशी बसून आत जाणाऱ्या प्रत्येकामागे एक खडा टाकणारा म्हातारा असावा, तसे.

एक गोष्ट मला फार आवडली. संगणकवाले एरवी शून्यापासून मोजतात, पण हा म्हातारा एकापासून मोजतो. आपल्याकडे खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणतात. माझ्या मते इथेही चालले असते. पण भाच्याला ते पटले नाही.

त्या रात्री अकराला आम्ही मावशींच्या खोलीत बसलो. सभोवती करंज्यांचे डबे. भाच्याने घाईत तीन ठिकाणी मोजणी घातली: दर बदलतात तिथे, बटणावर बोट पडते तिथे, आणि ऑर्डर रवाना होते तिथे. पण नावे द्यायला तो विसरला. पान उघडून त्याने चकली निवडून ऑर्डर दिली. सगळे ठीक. "बघा," तो म्हणाला. "माझ्या पानात चूक नाही."

तेव्हा मावशी पहिल्यांदा बोलल्या. "अरे, चकली कधी डबल आलीच नाही. एका माणसाची सोडली तर चकलीवाले सगळे बरोबर आले. डबल आलंय ते चिवडा, करंज्या नि अनारसे."

आम्ही दोघेही त्यांच्याकडे पाहतच राहिलो. इतका वेळ आम्ही माणसे मोजत होतो. त्यांनी डबे मोजले होते. भाच्याने दहा वेळा तपासले होते ते दहाही वेळा चकली मागवून, कारण ती आधीच निवडलेली होती! वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलालाच दहा प्रश्न विचारून वर्ग हुशार आहे असे लिहिणारे तपासनीस मी पाहिले आहेत. त्यातलाच हा प्रकार.

त्याने पान पुन्हा उघडले. आधी चिवडा निवडला, मग मन बदलून करंज्या निवडल्या, आणि बटण एकदाच दाबले. कन्सोलवर आकडा चढत चढत सातावर थांबला. नावे दिलेली नसल्यामुळे तिन्ही ठिकाणची मोजणी एकाच खात्यात पडली होती आणि प्रत्येक ओळीपुढे 'डिफॉल्ट' एवढेच उमटले होते. सात झाले हे खरे. पण कशाचे सात? देवळात जाणारे, बाहेर येणारे आणि शेजारच्या पानपट्टीवर थांबलेले, या सगळ्यांमागे म्हाताऱ्याने एकाच ढिगात खडे टाकले होते. मग मी नावे सुचवली: दर, बोट, पाठवण. नामकरणाचे काम अखेर मराठीच्या मास्तराकडे आले. भाच्याने ती देवनागरीतच टंकली, आणि ती चालतात हे पाहून मला उगीचच अभिमान वाटला.

पुन्हा तोच प्रयोग. पान उघडताच 'दर: १'. चिवडा, 'दर: २'. करंज्या, 'दर: ३'. बटणावर एकदा बोट: 'बोट: १'. आणि त्याच्याबरोबर भराभर तीन ओळी, 'पाठवण: १', 'पाठवण: २', 'पाठवण: ३'.

खोलीत कुणी बोलले नाही. बोट एक, पाठवण तीन. भाचा कानापर्यंत लाल झाला. मग त्याने जे केले ते मी त्याच्या आईला मुद्दाम सांगितले आहे: तो उठला आणि मावशींच्या पाया पडला. "मावशी, चूक माझी आहे. लोक खरं बोलत होते." मावशी म्हणाल्या, "पाया नंतर पड. आधी ते का झालं ते बघ." कारण मोजणी किती झाले ते सांगते, का झाले ते सांगत नाही. मात्र कुठे पाहायचे ते दाखवते, आणि दर तीन व पाठवण तीन हे दोन सारखे आकडे समोरासमोर उभे राहिल्यावर पाहण्यासारखी जागा एकच उरली होती.

घडले होते ते असे. बटण दाबले की ऑर्डर पाठव, ही सूचना भाच्याने दर दाखवण्याच्या कामातच गुंफून टाकली होती. दर एकदा दाखवले की सूचना एकदा दिली जाई. जिन्नस बदलून दर पुन्हा दाखवले की तीच सूचना त्याच बटणाला पुन्हा. आपण घरच्या गड्याला सांगावे, घंटी वाजली की चहा आण; पाच मिनिटांनी विसरून पुन्हा सांगावे, मग आणखी एकदा सांगावे; आणि त्या आज्ञाधारक माणसाने एका घंटीला तीन कप आणून ठेवावेत. यात एक बारकावा आहे. लिहिलेली एकच चिठ्ठी त्याच बटणाला तीनदा दाखवली तर ब्राउझर ती एकदाच धरतो. तेवढी अक्कल त्याला आहे. पण भाचा दर वेळी त्याच मजकुराची नवी चिठ्ठी लिहीत होता, आणि मजकूर सारखा म्हणून चिठ्ठी तीच, हे ब्राउझर मानत नाही. म्हणजे ज्याला काय हवे ते ठाऊक होते त्या चकलीवाल्याची ऑर्डर एकदा गेली, ज्याने एकदा जिन्नस बदलला त्याची दोनदा, आणि ज्याचे मन दोनदा फिरले त्याची तीनदा. त्या एका चकलीवाल्याला विचारले तेव्हा त्याने कबूल केले, की चिवड्यावर जाऊन तो पुन्हा चकलीवर आला होता. दादरच्या त्या बाई आधी अनारसे घेणार होत्या. धरसोडीला इतका चोख दंड कायद्यातही नसेल.

अशा चुकीला इंग्रजीत बग, म्हणजे किडा, म्हणतात. हार्वर्डच्या मार्क टू या प्रचंड गणकयंत्रात ९ सप्टेंबर १९४७ ला खरोखरच एक पतंग सापडला होता आणि तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. शब्द मात्र त्याहून जुना. एडिसनने तो १८७८ मधल्या पत्रात वापरला आहे. पानाच्या पोटात डोकावण्याची चांगली सोय व्हायला पुढे पुष्कळ वर्षे लागली. जो ह्यूइट यांनी २००६ मध्ये फायरबग नावाचे साधन केले तोवर पाने करणारे बिचारे ठिकठिकाणी खिडक्या उघडवून 'इथपर्यंत आलो' असे यंत्राकडून वदवून घेत. आता प्रत्येक ब्राउझरमध्ये ही सोय असते आणि ती फुकट असते.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. सूचना दर दाखवण्याच्या कामातून बाहेर काढून एकदाच दिली. शिवाय ऑर्डर एकदा गेली की पुढची दाबणी कानाआड करायची, असाही बंदोबस्त केला. पुन्हा मोजायचे तर आकडे आधी पुसायला हवेत. पान पुन्हा उघडले की ते आपोआप पुसले जातात. पण पान न बदलता पुसायचे तर काउंट-रीसेट अशी ओळ आहे. ती भाच्याने लिहिली आणि ब्राउझरने तक्रार केली, की या नावाची मोजणीच अस्तित्वात नाही. पाहतो तर त्याने 'पाठवण'ऐवजी 'पाठवणी' लिहिले होते. मला झालेला आनंद मी लपवला नाही. गेली वीस वर्षे मी शुद्धलेखनासाठी कंठशोष करतो आहे, आणि एका वेलांटीवरून हटून बसणारा श्रोता मला प्रथमच भेटला. तो तर माझ्याहूनही कडक आहे. मराठीतला ऱ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकाच चिन्हाने किंवा र खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण मोजणाऱ्याच्या लेखी ती दोन वेगळी नावे.

शेवटची तपासणी मावशींनीच केली. चिवडा, अनारसे, शेव, करंज्या असे फिरून त्यांनी पिठाचा हात पुसला आणि केशरी बटण चांगले चार वेळा दाबले. दर पाचावर गेले होते. बोट: ४. पाठवण: १. "हां," त्या म्हणाल्या आणि गॅसकडे वळल्या.

उरलेल्या बारा ऑर्डरींचे काय झाले? चिवडा आणि शेव माझ्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दोन दिवसांत संपली. गणित विभागाने त्यात विशेष कामगिरी केली. करंज्या चाळीने वाटून विकत घेतल्या. तरी काही नुकसान राहिलेच, आणि ते भाच्याने आपल्या उन्हाळ्याच्या कामाच्या पैशांतून फेडले. मावशी घेत नव्हत्या, मग त्याने ते तुपाच्या रूपाने आणून ठेवले. दादरच्या बाईंना मी स्वतः फोन करून सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हणजे मी मन बदललं ही माझी चूक का?" मी नाही म्हणालो. यंदा त्यांची ऑर्डर सर्वांत आधी आली आहे.

यंदा आणखी एक झाले. मावशींनी भाच्याला सांगितले, "ते बोट नि पाठवण मला रोज कळलं पाहिजे." त्याने समजावले की कन्सोलवरचे आकडे गिऱ्हाइकाच्या यंत्रात उमटतात, लालबागेत बसून ते दिसायचे नाहीत. त्या म्हणाल्या, "मग दिसतील असं कर." तेव्हा त्याने पानातून आलेल्या दाबण्या आणि यादीत मांडलेल्या ऑर्डरी, असे दोन आकडे रोज रात्री नावांसह मोबाइलवर पाठवण्याची व्यवस्था केली. मावशींनी दोनशे पानी वहीत दोन रकाने आखले आहेत. काल मी वर गेलो तेव्हा चष्मा लावून त्या वही पाहत होत्या.

"बोट नऊ, पाठवण सात," त्या म्हणाल्या. "दोघांना घाई होती." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सातांत तुमचं नाव नाही, मास्तर."